दुपारी मुका होणारा रेडिओ

एक अख्खा उन्हाळा मी माझ्या नवऱ्याला खोटारडा म्हणत होते. घरात म्हणत होते, मेकॅनिकसमोर म्हणत होते, आणि एकदा तर बार्शीच्या बाजारात टॉवेल घ्यायला आलेल्या अनोळखी बाईसमोरही म्हणून बसले. ती बिचारी तीन टॉवेल घेणार होती, ते दोनच घेऊन घाईघाईने निघून गेली. आता आठवलं की हसू येतं आणि पाठोपाठ लाजही वाटते. माझी जीभ पहिल्यापासून तिखटच. सासूबाई म्हणायच्या, हिच्या हातची चटणी सपक होते, कारण तिखट सगळं तोंडातच उरतं.

नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, उखाणा सोडला तर. तेव्हा इथेही 'हे' म्हणूनच चालवून घ्या.

आमचं घर सोलापुरात भवानी पेठेत. ह्यांचा धंदा चादरी, टॉवेल, नॅपकिन विकायचा. दुकान नव्हतं, गाडी होती. एक छोटा ट्रक घेऊन ह्यांनी त्याच्या मागच्या हौद्यावर पत्र्याची खोली बांधून घेतली होती. दोन्ही बाजूंचे पत्रे वर उचलून टेकू दिला की झालं दुकान, आणि खाली पाडले की झालं घर. आत एक फळी झोपायला, एक स्टोव्ह, पाण्याची टाकी आणि बाकी सगळा माल. जागा पुरेना म्हणून खोलीचा पुढचा भाग ड्रायव्हरच्या केबिनच्या डोक्यावरून पार काचेपर्यंत पुढे आणला होता. त्या पोटमाळ्यावर चादरींचे गठ्ठे राहायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, ट्रकने टोपी डोळ्यांवर ओढली आहे.

ह्या गाडीतून आम्ही आठवडी बाजार आणि जत्रा करायचो. अक्कलकोट, नळदुर्ग, बार्शी, टेंभुर्णी, केम. मुलगी पुण्याला शिकायला गेली होती, घरात अडकून पडायचं काही कारण नव्हतं. लोक म्हणायचे, ह्या वयात कसली ही भटकंती. मला तर ते दिवस फार आवडायचे, अगदी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापेक्षाही. ही गोष्ट अठरा-वीस वर्षांपूर्वीची. फोन होते, पण त्यांवर फक्त बोलता यायचं.

ह्यांना एकच खोड होती. दुपारी डोळा लागायचा. दही, कडक भाकरी, शेंगाचटणी असं पोटभर जेवण झालं, वरून सोलापूरचं ऊन, सरळसोट रस्ता आणि इंजिनाची घरघर. मी पहाटे चारला उठून भाकऱ्या थापलेल्या असायच्या, त्यामुळे जेवणानंतर मी मागे खोलीत आडवी व्हायची. पुढे हे एकटे. गाडी बाजूला घेऊन तासभर झोपा म्हटलं तर म्हणायचे, मग संध्याकाळचा बाजार कोण करणार.

आणि मग एक दिवस व्हायचं ते झालं. मोहोळच्या अलीकडे मी फळीवरून खाली आपटले, माझ्यावर टॉवेलांची चळत पडली आणि गाडी थांबली. दार उघडून बघते तर आम्ही रस्ता सोडून कुणाच्या तरी ज्वारी काढलेल्या रानात उभे. समोर चार हातांवर बाभळीचं मोठं खोड. हे दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेले, चेहरा पांढराफटक. एवढंच म्हणाले, डोळा लागला गं. कुणाला खरचटलंही नव्हतं. पण मी त्या बाभळीकडे बघतच राहिले. पुढचे दोन दिवस मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना कळेल की मी किती घाबरले असेन.

तिसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं. एक तर दुपारी जागं राहायची काहीतरी व्यवस्था करा, नाहीतर गाडी विका. मला धंदा नको, मला नवरा पाहिजे.

व्यवस्था माझ्या भावाने केली. तो पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कामाला होता. त्याचं म्हणणं पडलं की दाजींना गप्पा मारायला कुणीतरी लागतं, गप्पा चालू असल्या की ते रात्रभरही जागतील. खरंच होतं ते. साधा रेडिओ गाडीत होता, पण शहर सोडलं की त्यातून नुसती खरखर ऐकू यायची. भावाने आणला तो उपग्रहावरचा रेडिओ. एक डबा केबिनमध्ये ठेवायचा आणि वहीएवढी एक चपटी पाटी, तिला वायर. ती पाटी आभाळातून आवाज पकडते म्हणाला. आता तो प्रकार राहिला नाही, ती सेवाच बंद पडली. पण तेव्हा त्यात कन्नड लागायचं, आणि आमच्या ह्यांची आई अक्कलकोटच्या पलीकडची, त्यामुळे ह्यांचं कन्नड मराठीइतकंच पक्कं. दुपारी कुणी एक बाई त्यावर कोडी घालायची, प्रश्न विचारायची, मध्येच गाणं लावायची. हे गाडी चालवता चालवता तिला उत्तरं द्यायचे. उत्तर चुकलं की तिच्याशी वाद घालायचे. मला कन्नड 'ऊट आयता', म्हणजे जेवलात का, ह्याच्या पुढे येत नाही, त्यामुळे कोण बरोबर ते मला कधी कळलं नाही.

पहिल्या आठवड्यात मात्र त्या रेडिओने छळलं. पाटी आम्ही समोर काचेपाशी ठेवली होती. अक्कलकोटला निघालो तर पठ्ठ्या खणखणीत वाजला. परत येताना मुका. दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीला निघालो तर जाताना मुका आणि येताना पुन्हा गाणी चालू. तिसऱ्या वेळी अक्कलकोटच्या रस्त्याला लागताच वाजायला लागला तेव्हा ह्यांनी स्टिअरिंग सोडून हात जोडले. म्हणाले, ह्याला बी कळतंय बघ कुटं निघालोय ते. मी म्हटलं, आधी स्टिअरिंग धरा, नाहीतर दोघांनाही कायमचं दर्शन होईल.

शेवटी बाजाराजवळच्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे गेलो. सगळे त्याला चाचा म्हणायचे. चाचाने गाडीभोवती एक फेरी मारली, पोटमाळ्याकडे बोट दाखवलं आणि हसायला लागला. त्याने समजावलं ते असं. उपग्रह एका जागी टांगल्यासारखा असतो, इथून बघितलं तर अक्कलकोटच्या बाजूला, आभाळात अर्ध्यावर. गाडीचं तोंड तिकडे असलं की समोरच्या काचेतून पाटीला तो दिसतो. तोंड फिरलं की आमची खोली आणि तो पुढे आलेला पत्रा मध्ये येतो. "भाभी, याला आभाळ दिसायला पायजे. आभाळ नै दिसलं तर हा काय बोलणार?"

त्याने जाड आणि लांब वायर घातली आणि पाटी थेट खोलीच्या टपावर, बरोबर मधोमध, आडवी बसवली. आता गाडी कुठेही वळू दे, पाटीच्या वर सगळं आभाळ मोकळं. निघताना त्याने मला बजावलं की वस्तू नाजूक आहे, कडक ऊन लागू देऊ नका, काहीतरी झाकत जा. कापडाने काही बिघडत नाही, फक्त पत्रा-बित्रा ठेवू नका. मी ते नीट लक्षात ठेवलं. नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न होता, मी कशी विसरेन.

त्यानंतरचे दोन महिने सुखाचे गेले. मागे फळीवर पडल्या पडल्या मला पुढून त्या बाईचं कन्नड आणि ह्यांचं कन्नड आळीपाळीने ऐकू यायचं. दोघांचा आवाज चढला की मी निर्धास्त कूस बदलायची. सवत असावी तर अशी, असं मी ह्यांना म्हणायचे.

मग उन्हाळा लागला.

आमच्या पेठेत पत्र्याच्या घरांना उन्हाळ्यात काय करतात ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. बारदानाची पोती पत्र्यावर पसरायची आणि दुपारी त्यांवर पाणी मारायचं. वारा लागला की खाली गारवा उतरतो. लग्न होऊन आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी शिडी लावून पत्र्यावर चढले आहे. तर गाडीच्या खोलीलाही मी तेच केलं. पोती शिवून एक मोठी गोधडी केली, टपावर पसरली, सुतळीने चारी बाजूंनी बांधली. दुपारी जेवायला थांबलो की दोन कळशा वर ओतायच्या आणि मग निघायचं. चालत्या गाडीला वारा लागायचा आणि खोली अशी गार व्हायची की मी चादर अंगावर ओढून झोपायची. पाटीला ऊन लागू नये म्हणून तिच्यावर मी पोत्याची दुहेरी घडी टाकली होती.

आणि नेमका त्याच दिवसांत रेडिओ दुपारी बंद पडायला लागला.

म्हणजे हे तसं म्हणायला लागले. सकाळी निघताना वाजायचा, मी स्वतः ऐकायचे. जेवायला थांबलो की बॅटरी उतरू नये म्हणून हे तो बंद करायचे. जेवण झालं की मी मागे, हे पुढे. संध्याकाळी गाडी थांबली की हे तोंड पाडून सांगायचे, आज पण दुपारभर मुकाच होता. मी पुढे जाऊन बटण दाबायची आणि तो खणखणीत वाजायचा. असं एकदा नाही, पाच-सहा वेळा झालं. तीन वेळा आम्ही सकाळी चाचाकडे गाडी नेली. शिडी लावून तो वर जायचा, सुतळी सोडून, पोतं गुंडाळून बाजूला ठेवायचा, पाटी तपासायचा, वायर हलवून बघायचा. तिन्ही वेळा खाली उतरून एकच उत्तर दिलं, की याला काही झालेलंच नाही.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? मी जागी असताना वाजतो, मेकॅनिकसमोर वाजतो, आणि मी झोपले की बंद पडतो. मला सरळ दिसत होतं की हे स्वतःच बंद करतायत. ह्यांनी एकदा म्हटलंही होतं की त्या बाईच्या बडबडीने डोकं उठतं, घरात एक बोलणारी आहे ती पुरे. चेष्टेत म्हटलं होतं, पण मी ते मनात धरून ठेवलं. मला वाटलं, ह्यांना शांतता पाहिजे, गार वारा पाहिजे, आणि गाडी चालवता चालवता पेंगायचं सुख पाहिजे. आणि वर मला थापा मारतायत.

"मी बंद करत न्हाय," हे रोज सांगायचे.

मी म्हणायचे, मग काय उपग्रह जेवून दुपारचा झोपतो? नाचता येईना अंगण वाकडं. आमचे हे रेडिओवरच्या बाईशी भांडतील, बाजारात गिऱ्हाइकाशी भांडतील, पण माझ्याशी भांडायची वेळ आली की टॉवेलांच्या घड्या घालत बसायचे. मी त्यालाही गुन्ह्याची कबुलीच समजले.

मग बार्शीहून येताना पुन्हा तसंच झालं. मी दचकून उठले तेव्हा गाडीची डावी चाकं डांबर सोडून खडीवरून धडधडत होती. लगेच वर आलीही. थांबल्यावर मी पुढे गेले. हे घामाने भिजलेले. रेडिओ बंद होता, एवढंच म्हणाले. घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि भवानी पेठेत आमच्या दारात मी बटण दाबलं तर तो कन्नडमध्ये गात होता.

त्या दिवशी मी ठरवून टाकलं. बार्शीच्या धान्यबाजारातले एक व्यापारी पूर्वीपासून गाडी मागत होते. त्यांना पोत्यांची वाहतूक करायची होती, खोली उतरवून ठेवणार होते. मी ह्यांच्यादेखत त्यांना फोन लावला आणि येत्या सोमवारी येऊन गाडी घेऊन जा म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं हे अडवतील, ओरडतील, निदान एकदा तरी म्हणतील की ही गाडी माझी आहे. हे 'बरं' म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे गाडी धूत होते. चाकांच्या मधली माती काडीने काढत होते. ह्यांच्या चुलतभावाचं कापडाचं दुकान होतं, तिथे गाद्यांवर बसून घड्या घालायला जायचं असं आता ठरलं होतं. तेवीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाला तसं बसवायचं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मला तो माणूस जिवंत पाहिजे होता. वाईट वाटत होतं, आणि रागही जात नव्हता. खरं बोलले असते ह्यांनी, तर मी काहीतरी मार्ग काढला असता, असं मला सारखं वाटायचं.

शेवटचा बाजार केमचा होता. तिथे कुंकवाचे कारखाने आहेत, कामाला जाणाऱ्या बाया गडद लाल टॉवेल मागतात, म्हणजे डाग दिसत नाही. आम्ही खास त्या रंगाचा माल नेला होता. तो बाजारच त्या दिवशी सकाळचा भरला आणि दुपारी जेवणाच्या आत माल संपला. एक ओळखीची बाई म्हणाली, पुढच्या खेपेला फिकट गुलाबी आणा की. हे 'व्हय, आणू' म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं नाही. मी जेवणं उरकली, वर चढून पोत्यांवर नेहमीच्या दोन कळशा ओतल्या आणि मागे जाऊन पडले.

झोप लागलीच नाही. तासाभराने फटकन आवाज झाला आणि गाडी एका बाजूला झुकत थांबली. मागचा टायर बसला होता. मी उतरले. टेंभुर्णीच्या अलीकडचा मोकळा रस्ता, सावलीला एक झाड नाही. शेजारच्या शेतात मोटार चालू होती आणि पाटाला पाणी होतं. हे चाकाला लावायला दगड शोधत मागे गेले होते. मी प्यायच्या पाण्याची बाटली घ्यायला केबिनचं दार उघडलं.

रेडिओचा छोटा हिरवा दिवा लागलेला होता. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. आणि आतून एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

मी बाटली न घेता तशीच उभी राहिले. मी उतरणार हे ह्यांना माहीत नव्हतं. टायर फुटणार हेही माहीत नव्हतं. म्हणजे हे सोंग माझ्यासाठी नव्हतं. रेडिओ चालू होता, पूर्ण आवाजात चालू होता, आणि तरी मुका होता. पण मी लगेच कबूल करणारी बाई नव्हे. मी दार लावलं आणि जाऊन ह्यांना जॅक द्यायला लागले.

जॅक लावून टायर उतरवायला अर्धा-पाऊण तास गेला. ऊन असं की पान्याला हात लावला तर चटका. आणि तेवढ्यात केबिनमधून ती बाई एकदम मोठ्यांदा बोलायला लागली. आवाज शेवटपर्यंत फिरवलेला, त्यामुळे पाटाशी चरणाऱ्या दोन शेळ्या बुजून पळाल्या. हे गाडीखालूनच म्हणाले, "आला बघ. असंच करतंय रोज. दुपार टळली की आपोआप येतंय."

मी हं म्हटलं. मला वाटलं, ऊन उतरलं की येत असेल. पण ऊन उतरलं कुठे होतं, डोक्यावर तर तापत होतं. पुढे अजून अडीच तासांचा रस्ता होता आणि खोलीचा पत्रा पुन्हा तापला होता, म्हणून मी पाटातून बादली भरली, शिडी लावली आणि वर चढले. पोती कडकडीत वाळली होती. मी बादली ओतली. पाणी पोत्यांतून पसरत मधल्या दुहेरी घडीपर्यंत गेलं आणि खाली ती बाई शब्द अर्धाच टाकून गप्प झाली.

मी रिकामी बादली घेऊन वाकलेली तशीच राहिले.

मग मी सुतळी सोडली आणि घडी उचलली. बाई बोलायला लागली. घडी टाकली. बाई गप्प. उचलली, बोलली. टाकली, गप्प. हे खालून म्हणाले, काय चाललंय गं वर. मी आणखी एकदा उचलून बघितलं, आणि मग ते ओलं पोतं हातात तसंच धरून टपावर बसले. पत्रा तापलेला होता, ते मला नंतर कळलं, मांड्या चुरचुरायला लागल्या तेव्हा.

कोरड्या बारदानातून त्या पाटीला आभाळ दिसत होतं, ओल्यातून दिसत नव्हतं. चाचा सकाळी बघायचा तेव्हा पोतं कोरडं, आणि तेही तो बाजूला काढून ठेवायचा. संध्याकाळी मी बटण दाबायची तेव्हा पोतं वाऱ्याने वाळलेलं. ओलं असायचं ते फक्त दुपारी, मी पाणी मारून झोपायला जायची तेव्हा. मी गारव्यात झोपावी म्हणून आणि पाटी तापू नये म्हणून मीच रोज जेवण झालं की शिडी चढून, स्वतःच्या हाताने ह्यांचा रेडिओ बंद करत होते.

मला रडू आलं. पण ते दुःखाचं नव्हतं, हे मला तिथे बसल्या बसल्याच कळत होतं. छातीवरून धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. माझा नवरा खोटं बोलत नव्हता. सत्तावीस वर्षांच्या संसारात मला ज्या एका गोष्टीची खात्री होती, ती त्या उन्हाळ्यात मी घालवून बसले होते, आणि ती मला एका ओल्या पोत्याखाली सापडली. बार्शीच्या रस्त्यावर गाडी खडीवर गेली ती माझ्या दोन कळशांमुळे, हा विचार आला तेव्हा मात्र अंगावर काटा आला. पण गाडी परत वर आली होती. माणूस खाली टायरचे नट आवळत होता. मी खाली वाकून तो तिथे आहे ना, हे बघूनही घेतलं.

मी उतरले आणि ह्यांना सगळं सांगितलं. हे वर चढले, पोतं दोनदा उचलून टाकून बघितलं आणि खाली आले. मला वाटलं, आता माझी पाळी. आता ऐकून घ्यायचं, खाली मान घालून, जे काय म्हणतील ते. मी तयार होते.

"पाणी आडवं येतंय व्हय," हे म्हणाले. "लई डोकं लावलं मी, पर हे काय ध्यानात आलं न्हाय." आणि पाना घेऊन उरलेले दोन नट आवळायला बसले.

मी म्हटलं, मी तुम्हाला खोटारडा म्हणाले. लोकांत म्हणाले. माझं चुकलं. हे वाक्य बोलताना माझा आवाज इतका बारीक झाला की ह्यांनी मान वर करून बघितलं. मग मी ह्यांच्याकडून फोन मागून घेतला आणि तिथूनच बार्शीच्या व्यापाऱ्यांना सांगितलं की सोमवारी येऊ नका, गाडी द्यायची नाही. ते जरा रागावले. मी त्यांचीही माफी मागितली. एका दिवसात दोन माफ्या, सासूबाई असत्या तर त्यांनी माझी दृष्टच काढली असती.

फोन परत देताना मला एकदम आठवलं. महिना-दीड महिना रोजची दुपार रेडिओशिवाय गेली होती, आणि तरी ते खडीवर जाणं सोडलं तर गाडी रोज सरळ घरी आली होती. मी विचारलं, मग इतक्या दुपारी जागे कसे राहिलात?

हे हात पुसत होते. "बोलत यायचो."

"कुणाशी?"

"तुझ्याशी की. आनि कुणाशी?" हे टायरकडे बघत म्हणाले. "तू मागं झोपलेली असायचीस. मी पुढनं सांगायचो, मी बंद न्हाय केला, तुझी शपथ, न्हाय केला. तू जागी असलीस की ऐकून घेत न्हवतीस. म्हनून झोपलेलीला सांगायचो. रेडिओ बोलायला लागेस्तोवर तेच."

पत्र्याच्या त्या बाजूला मी गार वाऱ्यात घोरत होते आणि ह्या बाजूला हा माणूस माझ्याच शपथा घेऊन मला पटवत होता, म्हणून जागा होता, म्हणून आम्ही दोघं जिवंत होतो.

पोतं मी गुंडाळून खोलीत टाकलं आणि मागे न जाता पुढे केबिनमध्ये ह्यांच्या शेजारी बसले. गाडी निघाली. ती कन्नड बाई जोरात काहीतरी कोडं घालत होती. मी म्हणाले, आता मी जागी आहे, सांगा. ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, हात पुढे करून रेडिओ बंद केला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. टेंभुर्णी मागे पडली, मोहोळ आलं, आणि मी मध्ये एकदाही बोलले नाही.